भावाचं जहाज "सिक्युरिटी लेव्हल २" वर गेलंय म्हणे. म्हणजे नेमकं काय, आणि किती काळजी करायची?

सायली_मालवण

नमस्कार मंडळी, इथे बोटीवरचे बरेच लोक आहेत म्हणून विचारते. माझा धाकटा भाऊ डेक कॅडेट आहे, पहिलंच जहाज, बल्क कॅरियर, झेंडा पनामाचा. मुंद्र्याहून निघाले आणि पुढे जेद्दाह. परवा व्हॉट्सअॅपवर फोन आला तेव्हा घाईघाईत म्हणाला की ताई आता आमची लेव्हल २ झालीय, वॉच वाढवलेत, थोडे दिवस बोलणं कमी होईल, आणि जहाज कुठे आहे कुठे चाललंय ते कोणाला सांगत बसू नका. एवढं बोलून ठेवला. आई बाजूलाच बसली होती, तिनं "लेव्हल २" एवढंच ऐकलं आणि तेव्हापासून दिवसातून चार वेळा विचारते, ३ झाली का गं?

त्यात मी मोबाईलवर जहाजं दिसतात ते अॅप घेतलंय, त्यात काल संध्याकाळपासून त्याचं जहाज दिसतच नाहीये, शेवटचा ठिपका ओमानच्या खाली आणि पुढे काही नाही. नेटवर वाचायला गेले तर आयएसपीएस, एसएसओ, पीएफएसओ, नुसती अक्षरं, आईला काय सांगू त्यातलं?

तर ही लेव्हल ठरवतं कोण, कॅप्टन की कंपनी की सरकार? २ म्हणजे जहाजावर काही घडलंय का? अॅपमधून जहाज गायब होणं नॉर्मल आहे का? आणि आधीच्या बंदरात त्याला खाली उतरू दिलं नाही, सिक्युरिटीचा नियम आहे म्हणाले, असा नियम खरंच आहे का? जाणकारांनी प्लीज सांगा.

मास्टर_रत्नागिरी (निवृत्त)

सायलीताई, आधी आईंना हे सांगा की लेव्हल २ म्हणजे त्या जहाजावर काही घडलंय असा अर्थ होत नाही. ज्या भागात जहाज चाललंय तिथे धोका वाढलाय म्हणून काही काळ जास्तीची कामं करा, जास्तीचा पहारा ठेवा, एवढा तो हुकूम असतो. तुमचा भाऊ डबल वॉच करतोय म्हणजे ज्या गोष्टी व्हायला हव्यात त्या होतायत.

आता नीट सांगतो. आयएसपीएस कोड म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम. २००१ च्या ९/११ नंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की विमानतळावर एवढी तपासणी आणि बंदरात मात्र कोणीही गँगवे, म्हणजे जहाजावर चढायची शिडी, चढून वर येतो. आयएमओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाजवाहतुकीच्या संघटनेनं, डिसेंबर २००२ मध्ये लंडनला हे नियम मंजूर केले आणि १ जुलै २००४ पासून जगभर लागू झाले. धोका काही नवीन नव्हता, १९८५ मध्ये आकिले लाउरो हे प्रवासी जहाज पळवलं होतं आणि कोड मंजूर व्हायच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर २००२ मध्ये, येमेनजवळ लिंबुर्ग नावाच्या तेलाच्या टँकरवर स्फोटकं भरलेली बोट आणून आदळली होती. म्हणजे तुमचा भाऊ आता ज्या पट्ट्यातून चाललाय तोच पट्टा. हे घाबरवायला सांगत नाहीये, तिथे खबरदारी का घेतात ते कळावं म्हणून सांगतोय.

लेव्हल तीनच. १ म्हणजे रोजची, कायम असते, लेव्हल शून्य असा प्रकारच नाही. २ म्हणजे धोका वाढलाय, काही काळ जादा उपाय. ३ म्हणजे हल्ला होण्याची दाट शक्यता आहे किंवा अगदी तोंडावर आलाय, मग भले नेमकं टार्गेट कुठलं ते माहीत नसो. ३ क्वचित लागते आणि थोड्याच वेळासाठी असते, तेव्हा माल चढवणं उतरवणं बंद करू शकतात, जहाज धक्क्यावरून हलवायला सांगू शकतात, आणि जे सरकार ती परिस्थिती हाताळतंय त्याच्या सूचना पाळायच्या असतात.

ठरवतं कोण, तर सरकार. जहाजाची लेव्हल ज्या देशाचा झेंडा आहे त्या देशाचं सरकार ठरवतं, म्हणजे तुमच्या केसमध्ये पनामा, आणि बंदराची लेव्हल ते बंदर ज्या देशात आहे त्याचं सरकार. आपल्याकडे डीजी शिपिंग, म्हणजे केंद्र सरकारचं जहाजवाहतूक खातं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी डीजी शिपिंगनं देशभर लेव्हल २ लावली होती, तेव्हाही बंदरं चालू होती, कंटेनर येत जात होते, फक्त गेटवर आणि गँगवेवर तपासणी कडक झाली होती. जहाज बंदरात शिरताना बंदराची लेव्हल जास्त असेल तर जहाजाला आपली तेवढी वर न्यावीच लागते, खाली राहून चालत नाही. उलट जहाज २ वर आणि बंदर १ वर असेल तर बंदरानं वाढवलीच पाहिजे असं नाही, अशा वेळी दोघं बसून कोण काय करणार ते लिहून सह्या करतात, त्याला डिक्लरेशन ऑफ सिक्युरिटी म्हणतात.

कॅप्टन लेव्हल ठरवत नसला तरी त्याच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. माणसांच्या आणि जहाजाच्या सुरक्षिततेसाठी त्याला जे योग्य वाटेल तो निर्णय त्यानं घ्यायचा आणि कंपनी किंवा चार्टरर (जहाज भाड्यानं घेणारा) कोणीही त्याला अडवू शकत नाही, हे सोलासमध्ये, म्हणजे जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात, स्पष्ट लिहिलंय. एखादा माणूस, एखादी पेटी, एखादा कंटेनर जहाजावर घ्यायला तो नाही म्हणू शकतो. माझ्या मते अख्ख्या कोडमधलं सगळ्यात कामाचं कलम हेच, कारण समुद्रात रात्री तीन वाजता ऑफिसला फोन लावून परवानगी मागायला वेळ नसतो.

अॅपचं म्हणाल तर त्याची धास्ती अजिबात घेऊ नका. ती फुकटची अॅप्स किनाऱ्यावरच्या अँटेनांकडून जहाजांचे एआयएस सिग्नल (जहाज स्वतःचं नाव आणि जागा रेडिओवर सतत पाठवतं ते) घेतात, जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की ठिपका अडकतो किंवा जातो, सॅटेलाइटचा डेटा बहुतेक पैसे भरल्याशिवाय दाखवत नाहीत. दुसरं कारण, आपण कुठे आहोत ते दाखवल्यानंच धोका वाढतोय असं कॅप्टनला वाटलं तर लॉगबुकात नोंद करून तो एआयएस बंद करू शकतो, तशी मुभा आहे. आणि तिसरं, तांबड्या समुद्रात आणि आखातात जीपीएस जॅमिंग, म्हणजे मुद्दाम सिग्नल बिघडवणं, चालतं, त्यामुळे उद्या ठिपका परत आला आणि जहाज वाळवंटाच्या मधोमध दिसलं तरी आईंना दाखवू नका.

एबी_दापोली

कॅप्टन साहेबांनी सगळं बरोबर सांगितलं, मी डेकवरून काय दिसतं ते सांगतो कारण तुमचा भाऊ आमच्याबरोबरच उभा असणार.

लेव्हल १ ला बंदरात गँगवेवर एक माणूस, येणाऱ्याचं आयडी बघायचं, काम काय विचारायचं, रजिस्टरात नाव, वेळ, सही, व्हिजिटर पास गळ्यात, मग वॉकीटॉकीवर ड्युटी ऑफिसरला कळवायचं. गँगवेच्या तोंडाशी बोर्ड असतो त्यावर आजची लेव्हल लिहिलेली असते. लेव्हल २ लागली की बोर्डावरचा आकडा बदलतो आणि कामं वाढतात, येण्याजाण्याचे रस्ते कमी करायचे, व्हिजिटरला एकटं सोडायचं नाही, बरोबर माणूस द्यायचा, बॅगा जास्त उघडायच्या, रात्री डेकवर जादा राउंड, समुद्राकडच्या बाजूला पण नजर, कारण चोर धक्क्यावरूनच येतो असं नाही, छोट्या होडीतून मागच्या बाजूनं दोर टाकून पण चढतात. प्रोव्हिजन आलं तर पेट्या ऑर्डरच्या यादीशी ताडून मगच वर घ्यायच्या.

समुद्रात ह्या भागातून जाताना वेगळंच काम. मुंद्रा सुटल्यावर बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सगळ्यांना कामाला लावतो, रेलिंगवर काटेरी तार, फायर होज बांधून पाण्याच्या दाबानं भरून ठेवायचे, अकोमोडेशनचे दरवाजे आतून बंद, खालच्या डेकची पोर्टहोल बंद, रात्री गरज नसलेले लाइट बंद. ब्रिजवर जादा लुकआउट, कॅडेटला तिथे हमखास उभं करतात, दुर्बीण हातात आणि नजर मागच्या बाजूला, कारण स्पीडबोट बहुतेक पाठीमागून येते. आणि आत एक सिटाडेल, म्हणजे लपायची सुरक्षित खोली, ठरवलेली असते, तिथे पाणी, खाणं, सॅटेलाइट फोन, अगदीच कोणी वर चढलं तर सगळे तिकडे जाऊन आतून बंद करून घ्यायचं आणि नौदलाची वाट बघायची. ह्याची ड्रिल घेतात, निदान तीन महिन्यांतून एकदा सिक्युरिटी ड्रिल घ्यावीच लागते, अशा भागात शिरायच्या आधी तर नक्की घेतात.

शिवाय गुप्त बटणं असतात, एक ब्रिजवर आणि निदान अजून एक दुसरीकडे कुठेतरी. दाबलं की जहाजावर काहीच वाजत नाही, लाइट पेटत नाही, वर चढलेल्या माणसाला कळत पण नाही, पण जहाजाचं नाव आणि जागा लगेच किनाऱ्यावर कळते, कंपनीला आणि झेंड्याच्या सरकारच्या यंत्रणेला.

पण ताई एक गोष्ट मनापासून सांगतो, हे नियम करणाऱ्यांनी पण ऐकायला पाहिजे. लेव्हल वाढते, माणसं वाढत नाहीत. वीसबावीस जण, त्यातच इंजिन चालवायचं, जेवण करायचं, मेंटेनन्स, आणि त्याच माणसांनी जादा पहारा द्यायचा. चोवीस तासांत निदान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा नियम कागदावर पक्का आहे पण लेव्हल २ चालू असताना झोप कुठून कापली जाते ते आम्हाला माहीत. पेंगुळलेला माणूस गँगवेवर उभा असेल तर दहा सर्टिफिकेटं भिंतीवर लावून पण सिक्युरिटी होत नाही. त्यामुळे भावाचा फोन आला नाही तर तो झोपलाय असं समजा आणि झोपू दे त्याला.

शोअर लीव्हचं, म्हणजे बंदरात खाली उतरायच्या सुट्टीचं, काय विचारू नका, संताप येतो. कित्येक बंदरांत आयएसपीएसचं नाव सांगून आम्हाला गेटच्या बाहेर सोडत नाहीत. दोन दोन महिने पायाला जमीन नाही, समोर गाव दिसतंय, चर्चचे लोक सिम कार्ड घेऊन गेटवर उभे आहेत आणि गार्ड म्हणतो सिक्युरिटी.

टर्मिनल_सिक्युरिटी_न्हावाशेवा

@एबी_दापोली तुमचा राग बरोबर आहे, मी बंदराच्या बाजूनं बोलतो. मी टर्मिनलवर पीएफएसओच्या हाताखाली काम करतो, पीएफएसओ म्हणजे बंदराच्या त्या भागाचा सुरक्षा अधिकारी. जसा जहाजावर एसएसओ, म्हणजे जहाजाचा सुरक्षा अधिकारी, असतो, बहुतेक ठिकाणी चीफ मेट किंवा कॅप्टन स्वतः, तसा आमच्याकडे हा.

सायलीताई, क्रूला खाली उतरूच द्यायचं नाही असा नियम आयएसपीएसमध्ये कुठेही नाहीये, उलट आहे. बंदराचा जो सुरक्षा आराखडा असतो त्यात क्रूच्या शोअर लीव्हची सोय कशी करणार, क्रू बदली कशी होणार, सीफेरर वेल्फेअरच्या (खलाशांच्या मदतीला येणाऱ्या संस्थांच्या) लोकांना जहाजापर्यंत कसं जाऊ देणार हे लिहावंच लागतं, पार्ट ए मध्ये आहे, म्हणजे बंधनकारक भागात. एमएलसीमध्ये, म्हणजे खलाशांच्या कामाच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, पण शोअर लीव्ह हा हक्क म्हणून धरलाय. तेव्हा कोणी "आयएसपीएसचा नियम आहे" एवढंच सांगून अडवत असेल तर ते अर्धवट आहे.

खरं काय होतं, तर कधी त्या देशाचं इमिग्रेशन पास देत नाही, अमेरिकेत तर व्हिसा नसेल तर खाली पाऊल ठेवता येत नाही. कधी टर्मिनल लांब असतं, यार्डातून चालत जाऊ देता येत नाही कारण तिथे क्रेन आणि ट्रेलर पळत असतात, आणि गेटपर्यंत गाडीची सोय कोणी केलेली नसते. अशी सोय करायला पैसा आणि माणूस लागतो, मग "सिक्युरिटी" म्हणणं सगळ्यात सोपं. हे मला सुद्धा पटत नाही. कॅप्टननं एजंटमार्फत लेखी विचारलं की कुठल्या कारणानं नाकारताय, तर बऱ्याच वेळा रस्ता निघतो, निदान आमच्याकडे तरी लेखी आलं की वरच्यांना उत्तर द्यावं लागतं.

लेव्हल २ ला आमच्याकडे पण काम वाढतं हे खरं. गेटवर ट्रेलर जास्त उघडून बघतो, सीलचे नंबर ताडतो, पास असला तरी आज कशाला आलास विचारतो, समुद्राच्या बाजूनं पेट्रोल बोट वाढते. बाहेर ट्रेलरची लाइन लागते आणि ड्रायव्हर लोक वैतागतात, त्यांचंही चुकत नाही, उन्हात उभं राहायचं आणि का ते कोणी सांगत नाही. माझं मत असं की लेव्हल बदलली की गेटवर मराठीत, हिंदीत मोठा बोर्ड लागला पाहिजे, आज काय जादा तपासणार आणि कुठली कागदपत्रं हातात ठेवायची. माणसाला कारण कळलं की तो मदत करतो.

आणि भावानं जे सांगितलं ते पाळा. जहाजाचं नाव, कधी कुठे पोचणार, वर गार्ड आहेत की नाहीत, हे फेसबुकवर, फॅमिली ग्रुपवर टाकू नका. जहाजाचा सुरक्षा आराखडा इतका गोपनीय असतो की बंदरात तपासायला आलेल्या पोर्ट स्टेट कंट्रोलच्या (बंदराच्या देशाच्या सरकारी तपासणीच्या) ऑफिसरला पण तो सहसा दाखवत नाहीत. तेवढी काळजी घ्यायची आणि आत्यानं स्टेटसला तारखेसकट टाकायचं, असं व्हायला नको.

नाखवा_वर्सोवा

इथे मोठ्या जहाजांचंच चाललंय म्हणून लिहितो. हा कोड २००४ ला लागू झाला आणि २००८ ला मुंबईवर हल्ला समुद्रातूनच झाला. कसा? ते दहा जण कराचीहून निघाले, वाटेत पोरबंदरची कुबेर नावाची मच्छीमार बोट पकडली, खलाशी मारले, तांडेलाकडून मुंबईपर्यंत बोट चालवून घेतली आणि त्यालाही मारलं, मग रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरला उतरले. मुंबई बंदराच्या गेटवर तेव्हा कितीही कडक तपासणी असती तरी काय फरक पडला असता? आयएसपीएस लागतो तो परदेशी फेऱ्या करणाऱ्या ५०० टनांच्या वरच्या मालवाहू जहाजांना, प्रवासी जहाजांना आणि त्यांच्या बंदरांना. मच्छीमार बोट, छोटी होडी, कोळीवाड्याची जेट्टी ह्यातलं काहीच त्यात येत नाही.

त्यानंतर जे झालं ते आम्हाला लागू झालं, प्रत्येक राज्याच्या बोटींना वेगळा रंग, खलाशांना बायोमेट्रिक कार्ड, सागरी पोलीस ठाणी, किनाऱ्यावर रडार, सागर कवच नावाची मॉकड्रिल. आम्ही ते पाळतो, कार्ड नसेल तर खलाशी बोटीवर घेत नाही. पण एवढी रडारं लावायचं चालू असताना २०११ ला पवित नावाचं सोडून दिलेलं जहाज ओमानकडून वाहत येऊन थेट जुहूच्या वाळूत रुतलं, कोणाला कळलं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी बोट लागली त्यात एके-४७ सापडल्या, ती पण ओमानजवळ सोडून दिलेली निघाली, घातपात नव्हता, पण रायगड हादरला होता. ती पहिल्यांदा बघितली कोणी? किनाऱ्यावरच्या लोकांनी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की लेव्हल वाढली की ती बंदराच्या भिंतीच्या आतच राहते, आमच्यापर्यंत येत नाही. पहाटे जाळं टाकायला निघालेल्या माणसाला कोणी सांगत नाही की आज जरा नीट बघ. आम्ही तिथे असतोच, रोज असतो, अनोळखी बोट आम्हाला लांबून ओळखू येते, कशी चालते त्यावरूनच कळतं. वायरलेसवर आपल्या भाषेत एक निरोप दिला तरी शेकडो डोळे फुकट मिळतील. काही दिसलं तर सागरी पोलीस १०९३ आणि कोस्टगार्ड १५५४, हे नंबर किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी सेव्ह करा, मालवणला पण.

सायली_मालवण

सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला सगळं वाचून दाखवलं, बटणांचं ऐकून तिला सगळ्यात बरं वाटलं. दोन्ही नंबर सेव्ह केले, वडिलांच्या ओळखीतले बोटवाले आहेत त्यांना पण पाठवले. ठिपका अजून आलेला नाही पण आता अॅप उघडून बघायचं बंद केलंय.

अजून एकच विचारते. काही लागलं तर आम्ही घरच्यांनी फोन कोणाला करायचा? आणि शेजारचे एक काका म्हणाले की अशा भागात जायला खलाशी नाही म्हणू शकतो, ते खरं का? भाऊ तसं म्हणत नाहीये, फक्त माहीत असावं म्हणून.

मास्टर_रत्नागिरी (निवृत्त)

फोन आधी ज्या मॅनिंग एजंटकडून (जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या कंपनीकडून) तो गेलाय त्याच्या क्रूइंग डिपार्टमेंटला करा, आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स असलेला एजंट असणार, त्यांचा इमर्जन्सी नंबर भावाच्या काँट्रॅक्टच्या कागदांत बघा. कंपनीत सीएसओ म्हणून सुरक्षा अधिकारी असतो, जहाजाला तो चोवीस तास उपलब्ध असावा लागतो, त्यामुळे ऑफिसला जहाजाची बातमी असतेच. त्यांना जागा विचारू नका, सांगणार नाहीत आणि सांगूही नये, "जहाजावर सगळे ठीक आहेत ना, शेवटचा रिपोर्ट कधी आला" एवढं विचारा, त्याचं उत्तर मिळायला हरकत नाही. उडवाउडवी केली तर डीजी शिपिंगकडे लेखी जाता येतं.

काकांचं म्हणणं खरं आहे पण सरसकट नाही. लेव्हल २ आहे म्हणून नाही म्हणता येत नाही, लेव्हलचा आणि ह्याचा संबंध नाही. जहाजावर आयटीएफ ह्या आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाचं आयबीएफ अग्रीमेंट (जहाज कंपन्यांबरोबरचा पगार आणि कामाचा करार) लागू असेल आणि तो पट्टा त्यांनी वॉरलाइक एरिया, म्हणजे युद्धासारख्या धोक्याचा भाग, म्हणून जाहीर केलेला असेल तर खलाशाला तिथे जायला नकार देता येतो, कंपनीनं आपल्या खर्चानं त्याला घरी पाठवायचं आणि वर भरपाई द्यायची. जे जातात त्यांना तिथे असेपर्यंत बेसिक पगाराएवढा बोनस मिळतो आणि काही बरंवाईट झालं तर भरपाई दुप्पट. हे भाग बदलत असतात, म्हणून आत्ता यादीत काय आहे ते युनियनकडे विचारायचं. भावाच्या जहाजावर कुठलं अग्रीमेंट आहे ते त्याच्या काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असेल, घरी कॉपी नसेल तर जेद्दाहला पोचल्यावर त्याला फोटो काढून पाठवायला सांगा. कॅडेटच्या बाबतीत ते कलम कसं लावलंय तेही त्यातच बघा, इथे टाकलंत तर मी वाचून सांगतो, फक्त जहाजाचं नाव आणि त्याचा सीडीसी नंबर (खलाशाच्या ओळखपुस्तकाचा नंबर) झाकून टाका.